गावासाठी समुदाय महाविद्यालय: मुंबईच्या संस्थेने नवे केंद्र कसे उभे करावे

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तुळशी आणि विहार हे दोनच तलाव शहरात आहेत. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा हे उरलेले पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत. या तलावांच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांतील मुलामुलींना दहावी-बारावीनंतर हाताला काम देणारे शिक्षण घ्यायचे असेल, तर बहुतेक वेळा कल्याण, भिवंडी किंवा वसईचा रस्ता धरावा लागतो आणि त्या प्रवासातच अनेकांचे शिक्षण थांबते. शहापूर, मुरबाड, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या तालुक्यांत केंद्र काढण्याचा विचार करणाऱ्या मुंबईतील विश्वस्त मंडळांसाठी आणि प्राचार्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

बहुतेक संस्था आधी जमीन शोधतात, मग इमारतीचा आराखडा काढतात आणि शेवटी अभ्यासक्रम व वेळापत्रक ठरवतात. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा हवा. ग्रामीण केंद्र टिकते ते एसटीच्या वेळा, शेतीचा हंगाम आणि स्थलांतराचे महिने यांच्याशी त्याचे जुळले तरच, आणि हे जुळवायचे काम पहिली वीट रचण्यापूर्वीच करावे लागते.

नेमके काय उभे करायचे आहे

समुदाय महाविद्यालय म्हणजे आसपासच्या लोकांच्या गरजेप्रमाणे अल्प मुदतीचे, कमी शुल्काचे आणि थेट रोजगाराशी जोडलेले शिक्षण देणारी संस्था. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले, तर भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली पहिला प्रयोग केला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही ही योजना स्वीकारली आणि प्रमाणपत्र, पदविका व प्रगत पदविका अशी तिची चढती रचना केली. या अभ्यासक्रमांत साधारण ६० टक्के श्रेयांक (क्रेडिट) कौशल्याचे आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचे असतात.

मुंबईला ही कल्पना परकी नाही. गिरणगावातल्या कामगारांसाठी वरळीत १९६७ साली देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. त्याच योजनेचे पुढे जन शिक्षण संस्थान असे नामांतर झाले आणि शहरी कामगारांसाठी जन्मलेली ती रचना ग्रामीण भागात पोहोचली. त्याहीआधी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, ते पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडला नेले, आणि तेथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यामागचा विचार प्रौढांच्या शिक्षणालाही तितकाच लागू पडतो.

पहिली पायरी: एसटीच्या फेऱ्यांवरून जागा निवडा

नकाशावर तालुक्याचे मध्यवर्ती ठिकाण दाखवणे सोपे असते, पण विद्यार्थी नकाशावरून येत नाहीत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा आणि मुरबाड या तालुक्यांच्या गावांना रेल्वे नाही. उपनगरी गाड्या पश्चिम मार्गावर डहाणू रोडपर्यंत आणि मध्य मार्गावर कसाऱ्यापर्यंत जातात. त्यापुढचा सगळा भार एसटी, वडाप जीप आणि पायपिटीवर असतो. म्हणून आधी शहापूर, मुरबाड, वाडा आणि जव्हार या आगारांतून प्रत्येक मार्गावरच्या फेऱ्यांच्या वेळा लेखी घ्याव्यात. पाड्याकडून येणारी सकाळची पहिली गाडी कधी पोहोचते आणि संध्याकाळी पाड्याकडे जाणारी शेवटची गाडी कधी सुटते, या दोन वेळांमधले तास हाच तुमच्या केंद्राचा दिवस. पहिली गाडी साडेनऊला पोहोचत असेल आणि परतीची गाडी साडेतीनला सुटत असेल, तर मुंबईतल्या सवयीने लावलेले सकाळी सातचे वर्ग कागदावरच राहतील.

गाडी थांबते तिथपासून पाडा किती दूर आहे, तो रस्ता पावसात चालू राहतो का आणि अंधार पडल्यावर मुलगी त्यावरून एकटी जाऊ शकते का, हे प्रश्न चालत जाऊनच सोडवावे लागतात. मुलींना पाठवायचे की नाही हे घरचे लोक पुष्कळदा अभ्यासक्रम पाहून ठरवत नाहीत; परतीच्या वाटेवर किती उजेड असतो, हे पाहून ठरवतात.

प्रवासखर्चाचाही आधीच हिशेब करावा. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना सुमारे दोन तृतीयांश सवलत मिळते आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. मात्र विद्यार्थी पाससाठी संस्थेची ओळख आगाराकडे असावी लागते. त्यामुळे प्रवेश सुरू होण्यापूर्वी आगार व्यवस्थापकांना भेटून आपली मान्यता आणि वर्गांच्या वेळा लेखी द्याव्यात, आणि एखाद्या फेरीची वेळ अर्धा तास पुढे-मागे करण्याची विनंतीही त्याच भेटीत करावी.

दुसरी पायरी: ग्रामसभेत आणि ग्रामसभेबाहेर ऐकून घ्या

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी आणि डहाणू हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. वाडा आणि शहापूर हे तालुकेही येतात, आणि पालघर तालुक्याचा काही भागही. येथे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला विशेष स्थान आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी सहसा ग्रामसभा भरतात. आपला प्रस्ताव सरपंचांच्या कार्यालयात ठेवून येण्याऐवजी यांपैकी एखाद्या सभेत स्वतः मांडावा आणि ठरावाची प्रत घ्यावी.

परंतु ग्रामसभेत बोलणारी माणसे ठरलेली असतात. स्त्रिया, भूमिहीन कातकरी कुटुंबे आणि कामासाठी बाहेर असलेले तरुण यांचे म्हणणे तेथे क्वचितच उमटते, म्हणून पाड्यांवर, आठवडी बाजारात आणि रेशन दुकानाशी वेगळे बसावे लागते. तेथे गेल्यावर “तुम्हाला कोणता कोर्स हवा?” असे विचारू नये. जो कोर्स कधी पाहिलाच नाही त्याचे नाव कोण सांगणार? त्यापेक्षा घरातले कोण कोणत्या महिन्यात कुठे काम करते, मजुरी किती मिळते, पंप बिघडला तर कुणाला बोलावतात, तो किती दिवसांनी येतो आणि किती पैसे घेतो, असे विचारावे. या उत्तरांतून जी दुरुस्ती, जी सेवा किंवा जी प्रक्रिया गावात मिळत नाही ती पुढे येते आणि अभ्यासक्रमांची यादी तिथूनच तयार होते.

तिसरी पायरी: वर्षाचे वेळापत्रक हंगामाप्रमाणे आखा

माझ्या दृष्टीने संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि सर्वांत कमी वेळही नेमका यालाच दिला जातो.

या पट्ट्यात जूनमध्ये राब (पालापाचोळा) भाजून झालेल्या जमिनीत पेरणी होते, जुलैत आवणी म्हणजे भाताची लावणी चालते, ऑक्टोबरपासून कापणी आणि झोडणी सुरू होते. दिवाळीच्या सुमारास अनेक कातकरी आणि अन्य आदिवासी कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण, पनवेल भागातल्या वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर जातात. त्यासाठीची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, पुष्कळदा सणाआधीच घेतलेली असते, त्यामुळे जाणे टाळता येत नाही. होळीला जमेल तितके लोक गावी येतात, पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. विद्यापीठाचे जून ते एप्रिल हे शैक्षणिक वर्ष या जीवनाशी कुठेच जुळत नाही, आणि मग “मुलांना शिक्षणाची आवड नाही” असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

स्थलांतर करणाऱ्यांसाठी आवणी आणि कापणी यांमधला काळ वापरावा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू करून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालवले तर १० आठवडे मिळतात. गणपतीचा एक आठवडा सोडल्यास ९ उरतात. रोज ४ तास, आठवड्याला ५ दिवस असे धरले तर एकूण १८० तास होतात. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार ३० तासांना १ श्रेयांक मिळतो, म्हणजे एका पावसाळ्यात ६ श्रेयांक. या हिशेबात वर्ग, सराव आणि स्वतःचा अभ्यास हे तिन्ही धरता येतात, पण एका खोलीच्या घरात संध्याकाळी अभ्यासाला जागा नसते, म्हणून सगळे १८० तास केंद्रातच पूर्ण होतील असे आखावे. १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम ६-६ श्रेयांकांच्या दोन स्वतंत्र भागांत असा विभागावा की पहिला भाग एकट्यानेही उपयोगी पडेल. उदाहरणार्थ, पहिल्या पावसाळ्यात घरगुती वायरिंग आणि सुरक्षितता, दुसऱ्यात मोटार रिवाइंडिंग आणि पंपदुरुस्ती. मिळवलेले श्रेयांक अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झाले की वर्षाचा खंड पडला तरी शिक्षण वाया जात नाही. अर्थात त्यासाठी श्रेयांक देणारी संस्था त्या व्यवस्थेत नोंदलेली असली पाहिजे, याची खात्री आधी करावी.

जे गावातच राहतात त्यांच्यासाठी नोव्हेंबर ते मे हा मोठा कालावधी मोकळा आहे आणि त्यात पदविकेचे वर्ग नीट चालू शकतात. परीक्षा मात्र होळीच्या आठवड्यात, लग्नसराईच्या गर्दीत किंवा आवणीत कधीही लावू नयेत.

चौथी पायरी: अभ्यासक्रम

शिवणकाम, ब्युटी पार्लर आणि संगणकाची तोंडओळख हे तीन वर्ग उघडणे सर्वांत सोपे असते आणि म्हणूनच बहुतेक केंद्रे तिथेच थांबतात. त्यांना माझा विरोध नाही, पण एकाच गावात पंधरा जणींनी शिवण शिकल्यावर शिवायला कपडे कुठून येणार, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला पाहिजे.

या भागाला स्वतःची बलस्थाने आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली आणि वाडा कोलम तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वारली चित्रकलेलाही ते आहे. चिकूची प्रतवारी, वाळवण आणि पॅकिंग, तांदळाची छोटी गिरणी चालवणे आणि तिची देखभाल, मानांकनाच्या नोंदणीकृत वापरकर्त्याची कागदपत्रे, चित्रांची योग्य किंमत ठरवणे आणि ती ऑनलाइन विकणे असे अभ्यासक्रम येथेच अर्थपूर्ण ठरतात. शेतीविषयक भागासाठी कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राशी करार करता येईल.

दुसरा गट रोजगाराचा. तारापूर आणि मुरबाड येथील औद्योगिक वसाहती जवळ आहेत, मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे एक स्थानक बोईसरला होत आहे आणि वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. बंदराला स्थानिक मच्छीमारांचा तीव्र विरोध आहे. त्यामुळे केंद्राने त्याचा प्रचार करू नये आणि तेथील नोकऱ्यांची आश्वासनेही देऊ नयेत. वेल्डिंग, विद्युत काम, यंत्रांची देखभाल यांसारखे कुठेही चालणारे कौशल्य द्यावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि कारखान्यांशी बोलताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

सामान्य शिक्षणाचे ४० टक्के तास नुसते जागा भरण्यासाठी आहेत असे समजू नये. मजुरीचा हिशेब तपासणे, उचलीचा करार वाचणे, सातबारा आणि वनहक्क दाव्याची कागदपत्रे समजून घेणे, बँकेत आणि तहसील कार्यालयात अर्ज लिहिणे हे शिक्षण त्या तासांत बसते आणि माझ्या अनुभवात विद्यार्थी त्यासाठी कौशल्याइतक्याच आतुरतेने येतात.

पाचवी पायरी: मान्यता कोणाची घ्यायची

मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र मुंबई शहर आणि उपनगरापासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी ते सिंधुदुर्गपर्यंत आहे. त्यामुळे दादर किंवा विलेपार्ल्याच्या संस्थेला वाड्यात महाविद्यालय काढण्यासाठी विद्यापीठ बदलावे लागत नाही. तरीही मुंबईतल्या महाविद्यालयाची संलग्नता आपोआप दुसऱ्या जागेला लागू होते, असा समज करून घेऊ नये. पदवी महाविद्यालय हवे असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ प्रमाणे ते ठिकाण आधी विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात असावे लागते, मग इरादापत्र, मग अंतिम परवानगी आणि त्यानंतर संलग्नता, असा दीर्घ प्रवास असतो.

म्हणून सुरुवात लहान मार्गाने करावी असे मी सुचवतो. महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम हा त्यातला सर्वांत सरळ मार्ग. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अभ्यासकेंद्रांद्वारे शिक्षण देते आणि नोकरी किंवा शेती सांभाळून पदवी घेऊ इच्छिणाऱ्यांना ते सोयीचे आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या १५ ते ४५ वयोगटासाठी जिल्ह्यातील जन शिक्षण संस्थानाशी भागीदारी करावी. पदविका आणि त्यापुढील स्तर विद्यापीठाच्या मान्यतेने, दोन वर्षांचे काम दाखवून, नंतर जोडावेत. मान्यतेचे पत्र हातात येईपर्यंत मात्र जाहिरात करू नये आणि शुल्क घेऊ नये. ज्या कुटुंबाने एक हंगामाची मजुरी सोडून मुलाला पाठवले, त्याला बिनकामाचे प्रमाणपत्र देणे हा अन्याय आहे.

सहावी पायरी: जागा, वीज, पाणी

पहिली दोन-तीन वर्षे भाड्याच्या किंवा कराराने मिळालेल्या जागेत काढावीत. पटसंख्या घटलेल्या जिल्हा परिषद शाळेची रिकामी खोली, ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा एखाद्या आश्रमशाळेची कार्यशाळा लेखी कराराने मिळू शकते. जमीन घ्यायचीच झाली तर आदिवासी खातेदाराची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे शासनाच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे हस्तांतरित होऊ शकत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. एखादा मध्यस्थ स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन ठेवण्याचा सल्ला देईल. तो कदापि मानू नये. बिनशेती परवानगी, वनहद्द आणि तानसा अभयारण्याभोवतीचे निर्बंधही तपासावेत. सार्वजनिक न्यासाने मालमत्ता घेतल्यास धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करणारा अहवाल, दाखल करावा लागतो.

जागेत काय हवे, हे थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात वीज दीर्घकाळ जाते, त्यामुळे सौर पॅनेल आणि बॅटरी पहिल्याच अंदाजपत्रकात धरावेत. मुलींसाठी पाणी असलेले वेगळे स्वच्छतागृह आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर ही सोय नंतर करू असे म्हणू नये, कारण तिच्याशिवाय पहिल्याच तुकडीत तरुण आया येणार नाहीत. प्रात्यक्षिकासाठी रुंद पागोळ्यांची पत्र्याची शेड पुरते.

सातवी पायरी: शिक्षक आणि पैसा

मुंबईहून रोज ये-जा करणारा शिक्षक पहिला पाऊस लागताच गळतो. निदान अर्धे शिक्षक तालुक्यातलेच असावेत: निवृत्त आयटीआय निदेशक, अनुभवी इलेक्ट्रिशियन, महिला बचतगटातल्या जाणत्या कार्यकर्त्या. मुंबईच्या प्राध्यापकांनी आठवड्याला सलग दोन दिवस मुक्कामी यावे आणि त्यांची राहण्याची सोय संस्थेने करावी. विद्यार्थी घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोलत असतील, तर वर्गात त्या बोलीतून प्रश्न विचारायला मोकळीक हवी, आणि तिची थट्टा होणार नाही हे प्राचार्यांनी पाहावे.

खर्चासाठी मुंबईच्या संस्थेकडे एक मोठा लाभ आहे, तो म्हणजे कंपन्यांची मुख्य कार्यालये जवळ असणे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यासाठी संस्थेची करसवलतीची १२ए व ८०जी आणि कंपन्यांचा हा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आधीच पूर्ण असावी. देणगीदार बहुधा यंत्रे आणि इमारत द्यायला उत्सुक असतात, पगार द्यायला नसतात; म्हणून करार करतानाच तीन वर्षांच्या मानधनाची तरतूद मागून घ्यावी. शुल्क अगदी अल्प ठेवावे, पण हप्ते मजुरीच्या दिवसांशी जुळवावेत.

आठवी पायरी: प्रवेश आणि त्यानंतर

प्रवेशाच्या वेळी सर्वांत मोठा अडथळा कागदांचा असतो. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, आधारवर १ जानेवारी. दाखल्यावर नाव काळूराम, आधारवर काळू. जातीचा दाखला वडिलांचाही काढलेला नाही. असा अर्ज परत पाठवला तर तो विद्यार्थी पुन्हा येत नाही. प्रवेशापूर्वी दोन महिने केंद्रात कागदपत्रांचे टेबल मांडावे, आधार दुरुस्ती, उत्पन्नाचा व जातीचा दाखला आणि बँक खाते यांसाठी एका माणसाने विद्यार्थ्यासोबत सेतू केंद्रात आणि तहसीलमध्ये जावे, आणि तोवर तात्पुरता प्रवेश द्यावा.

वर्ग सुरू झाल्यावर हजेरीपेक्षा गळतीची नोंद बारकाईने ठेवावी: कोण, कोणत्या आठवड्यात, कोणत्या पाड्यावरून यायचे थांबले. एकाच पाड्यावरचे तिघे एकाच आठवड्यात थांबले असतील, तर कारण बहुधा बंद झालेली फेरी, वाहून गेलेला साकव किंवा मजूर न्यायला लवकर आलेला मुकादम असते, आणि त्यावर फोन करण्याऐवजी त्याच दिवशी कुणीतरी तिथे जाऊन यावे. वीटभट्टीवर गेलेल्यांचा पत्ता आणि एका नातेवाइकाचा क्रमांक जाण्यापूर्वी घेऊन ठेवल्यास भिवंडी किंवा वसईच्या बाजूला महिन्यातून दोन रविवार उजळणी वर्ग घेता येतात.

परीक्षा ऑक्टोबरच्या मध्यात संपल्यावर निकालाला डिसेंबर उजाडला तर प्रमाणपत्र कपाटातच राहते, कारण घ्यायला येणारा तोवर गाव सोडून गेलेला असतो. परीक्षा मंडळाशी आधीच बोलून निदान गुणपत्रक आणि काम येत असल्याचे संस्थेचे पत्र दिवाळीपूर्वी हातात पडेल अशी व्यवस्था करावी. त्या कागदावर भट्टीऐवजी एखाद्या इलेक्ट्रिक कंत्राटदाराकडे काम मागता येते, आणि ते काम मिळवून देण्यासाठी कंत्राटदारांची यादी व त्यांच्याशी झालेले बोलणे सप्टेंबरपर्यंत पूर्ण झालेले असावे.